रंगाचे माप

पळसदरी या नावातच एक रंग आहे. फाल्गुन महिन्यात कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसावे आणि डोंगराच्या बाजूची खिडकी धरावी. पाने झडून उघड्या पडलेल्या रानात मधूनच एखादे झाड पेटल्यासारखे उभे दिसते. त्या फुलांना लाल म्हणावे तर त्यांत केशरी आहे, केशरी म्हणावे तर शेंदराची छटा आड येते. आता त्याच झाडाचे एक छायाचित्र घ्या. ते आपल्या मोबाइलवर पाहा, शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाहा, नाक्यावरच्या स्टुडिओतील संगणकावर पाहा, आणि शेवटी कागदावर छापून आणा. चार ठिकाणी चार पळस दिसतील. कुठे तांबडा, कुठे गुलाबीकडे झुकलेला, कुठे नुसताच भगभगीत, आणि कागदावर बहुधा विटकरी. झाड एक, छायाचित्र एक, छायाचित्रात साठवलेले आकडेही तेच. मग रंग बदलला कुठे, आणि या चौघांपैकी कोणाची साक्ष धरावी?

कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत रंगावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. पुढचे जे काही झाले ते छापखान्यात, वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. मी स्वतः ऑफसेट यंत्रावर कागद लावणारा म्हणून कामास लागलो, आणि तेव्हापासून एक गोष्ट पाहत आलो आहे, की रंग चुकला की कोणाच्या तरी पदरातले पैसे जातात. स्टुडिओवाल्याने अल्बम पुन्हा छापून द्यावा, यंत्रावरच्या माणसाने भत्ता गमवावा, किंवा गिऱ्हाइकाने नको असलेली वस्तू गळ्यात घ्यावी. तेव्हा रंग कोणी चुकवला हा प्रश्न दिसायला सौंदर्याचा असला तरी आतून मजुरीचा आहे, आणि म्हणून तो माझ्या प्रांतातला आहे.

या प्रश्नाचा इतिहास आपल्या अगदी शेजारी घडला आहे. घाट चढून लोणावळ्यापलीकडे गेले की मळवली स्टेशन लागते. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे या मळवलीस आला. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका यांची जी चित्रे आपल्या आजीच्या देवघरात आणि ओसरीवर होती त्यांतील कितीतरी तिथे छापली गेली. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने हे काम प्रथम सांभाळले आणि नंतर तो छापखानाच विकत घेतला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्या दगडावर त्या रंगापुरतेच चित्र, आणि एकाच कागदावर एकामागून एक दगडांचे ठसे, असे ते काम असे. पुढे चित्रपटांमुळे ज्यांचे नाव झाले त्या दादासाहेब फाळक्यांनीही आधी लोणावळ्यास ठशांचा आणि छपाईचा कारखाना काढला होता, आणि रंगीत छपाईसाठी १९०९ साली ते जर्मनीस गेले होते. म्हणजे घाटमाथ्यावरच्या या लहानशा पट्ट्यात महाराष्ट्रातल्या रंगीत छपाईचा एक मोठा धडा गिरवला गेला.

त्या कारागिरांना आपल्यासारखी अडचण नव्हती. मूळ चित्र एका हाताला, छापलेला कागद दुसऱ्या हाताला, दोन्हींवर एकाच खिडकीचा उजेड. लुगड्याचा जांभळा कमी पडला तर दोन्हींकडे बोट दाखवून सांगता येत असे. कागदाशी कागदाची तुलना होती, आणि भांडण झालेच तर दोघेही एकच वस्तू पाहत होते.

आज मूळ चित्र कागदावर नसतेच. ते पडद्यावर असते. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद दुसऱ्याचा प्रकाश परतवतो. छायाचित्र सुधारणारा पळसदरीस बसलेला, अल्बम छापणारी लॅब मुंबईला किंवा पुण्याला, आणि पसंती देणारा नवरामुलगा दुबईला. तिघांचे पडदे तीन. तिघेही म्हणतात, मी पाहिले तसे आले नाही. आणि तिघेही खरे बोलत असतात.

पडदा रंग कसा दाखवतो ते पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मोबाइलवर पांढरे पान उघडा आणि त्यावर बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब सोडा. थेंब भिंगासारखा काम करतो, आणि त्याखाली पांढरा असा काही रंगच नाही, तांबड्या, हिरव्या आणि निळ्या बारीक कणांची रांगोळी आहे, हे डोळ्यांना दिसते. या तीन प्रकाशांच्या मिसळणीने बाकीचे रंग भासवता येतात, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये रंगीत फितीच्या छायाचित्रावर दाखवून दिले. आजचा पडदा तेच करतो. प्रत्येक कणाला शून्यापासून २५५ पर्यंत एक आकडा मिळतो, म्हणजे २५६ पायऱ्या; तिन्हींच्या मिसळणीने १,६७,७७,२१६ जोड्या होतात. छायाचित्राच्या फाइलमध्ये रंग नसतो, हे आकडे असतात.

येथेच गोम आहे. तांबडा २३०, हिरवा ८०, निळा २० असे फाइलने सांगितले. पण कोणता तांबडा? किती तेजाचा २३०? आपल्याकडे पूर्वी भात पायलीने मोजत, आणि एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारच्या पायलीशी जुळत नसे. चार पायल्या दिल्या असे दोघेही शपथेवर सांगत, आणि कोठारात भात मात्र कमी भरे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि किलोचा किलो कर्जतला तोच, कोल्हापूरलाही तोच झाला. पडद्यांच्या बाबतीत आपण अजून पायलीच्या जमान्यात आहोत. दुकानातून आणलेला प्रत्येक पडदा आपली स्वतःची पायली घेऊन येतो.

जगाने याचा विचार केलेला नाही असे नाही. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळे प्रयोग केले. माणसांना एका बाजूस एक रंग दाखवायचा आणि दुसऱ्या बाजूस तीन प्रकाश कमीजास्त करून त्यांनी तोच रंग जुळवायचा. राइट यांच्याकडे दहा माणसे बसली, गिल्ड यांच्याकडे सात. या सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी काढून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने एक प्रमाण डोळा ठरवला. आजही रंग मोजणारे जगातले बहुतेक यंत्र त्याच डोळ्याने पाहते. सतरा माणसांच्या बैठकीवर एवढा मोठा कारभार चालावा, याची मला नेहमीच मौज वाटते. आमच्या कामगारांच्या सभेला एवढी गणसंख्या पुरत नाही!

नंतर, १९९३ साली, संगणक आणि छपाईच्या क्षेत्रातील आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंग-संघ काढला. प्रत्येक यंत्राच्या रंगस्वभावाची नोंद एकाच नमुन्यात लिहावी, असे त्यांनी ठरवले. त्या नोंदीच्या फाइलला प्रोफाइल म्हणतात. १९९६ साली सामान्य पडद्यांसाठी एसआरजीबी नावाचे प्रमाण सुचवले गेले, आणि १९९९ साली त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आपल्या मोबाइलमधील आणि अल्बमच्या लॅबकडे जाणारी बहुतेक छायाचित्रे याच प्रमाणात लिहिलेली असतात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? माझा डोळा चांगला आहे, मी बघून पडदा नीट करीन. या उत्तरावर थोडे थांबले पाहिजे, कारण सारी चूक येथूनच सुरू होते.

डोळा हा फार मनमिळाऊ साक्षीदार आहे. ज्या उजेडात बसवाल त्या उजेडाशी तो समेट करतो. पिवळ्या बल्बखाली धोतर पांढरेच दिसते आणि भर उन्हातही पांढरेच दिसते, वस्तुतः दोन्ही वेळी डोळ्यांत शिरणारा प्रकाश अगदी निराळा असतो. घाटातल्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली की क्षणभर डोळे दिपतात आणि मग सारे नेहमीसारखे होते. ही निसर्गाची मोठी देणगी आहे. ती नसती तर संध्याकाळी आपल्याला आपली माणसे ओळखू आली नसती. पण हीच देणगी पडद्यासमोर घात करते. पडदा निळसर असला तरी दहा मिनिटांत डोळा त्यास पांढरा मानू लागतो. मग त्या पडद्यावर नवरीचा चेहरा किंचित निळा भासतो, छायाचित्र सुधारणारा त्यात पिवळा घालतो, आणि अल्बम छापून येतो तेव्हा हळद उतरून आठ दिवस झालेली नवरी पानोपानी पिवळीच! चूक त्याच्या हाताची नव्हती, कसबाचीही नव्हती. त्याने पडद्याची चूक प्रामाणिकपणे दुरुस्त केली, आणि ती दुरुस्ती कागदावर चूक म्हणून उतरली.

दुसरी तक्रार याहूनही सार्वत्रिक आहे. छापील चित्र काळवंडून आले, असे स्टुडिओवाले म्हणतात आणि लॅबला दोष देतात. बहुतेक वेळा कारण इतकेच, की पडदा वाजवीपेक्षा फार प्रखर ठेवलेला असतो. दुकानात शेजारच्या पडद्यांत उठून दिसावा म्हणून तो तसा लावून येतो, आणि घरी आणल्यावर कोणी कमी करीत नाही. प्रखर पडद्यावर चित्र उजळ दिसते, माणूस ते खाली ओढतो, कागद बिचारा तेवढा उजेड कुठून आणणार?

रेल्वेच्या मंडळींना हे पटवून द्यावे लागत नाही. सिग्नलचा तांबडा आणि हिरवा ओळखता येतो का, याची चाचणी दिल्याशिवाय इंजिनावर चढता येत नाही. स्वीडनमध्ये १८७५ साली लागरलुंडा येथे मोठा अपघात झाला, त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकांनी लोकरीच्या रंगीत लडी निवडावयास लावून रेल्वे नोकरांचे डोळे तपासण्याची रीत घातली. मला नीट दिसते, या माणसाच्या स्वतःच्या शब्दावर रेल्वेने त्या दिवसापासून विश्वास ठेवलेला नाही.

आता मूळ कामाकडे वळू. या कामाचे दोन भाग आहेत, आणि बरेच जण ते एकच समजतात. पहिला कॅलिब्रेशन, दुसरा प्रोफाइल. जुन्या गार्डाच्या घड्याळाचे उदाहरण घ्या. सकाळी स्टेशनच्या घड्याळाशी काटे जुळवून घेतले, हे कॅलिब्रेशन. पण घड्याळ जुने आहे, काटे जुळवूनही ते दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. हे ठाऊक असलेला गार्ड डायरीत तशी नोंद करतो आणि वेळ सांगताना तेवढी भर घालतो. ही नोंद म्हणजे प्रोफाइल. पहिल्यात यंत्र सुधारता येईल तेवढे सुधारायचे. दुसऱ्यात जे सुधारत नाही ते लिहून ठेवायचे. नोंद केल्याने घड्याळ सुधारत नाही, पण सांगितलेली वेळ बरोबर येते.

यासाठी लागणारे यंत्र मुठीत मावेल एवढे असते. त्यास कलरीमीटर म्हणतात. आत प्रकाश जाणणारे कण आणि त्यांवर रंगीत गाळण्या असतात. त्या गाळण्यांमुळे ते त्या प्रमाण डोळ्यासारखे पाहते. याहून महागडे असते ते स्पेक्ट्रोफोटोमीटर. ते इंद्रधनुष्यासारखी प्रकाशाची फोड करून मोजते आणि पडद्याबरोबर कागदही मोजू शकते. पडद्यापुरते काम असेल तर पहिले पुरते. यंत्राबरोबर त्याची स्वतःची आज्ञावली मिळते. शिवाय ग्रॅम गिल या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी लिहिलेली आर्गिल नावाची आज्ञावली कोणालाही विनामूल्य वापरता येते, आणि अनेक प्रकारच्या यंत्रांशी तिचे जमते. ज्ञान असे मोकळे ठेवणाऱ्या माणसाबद्दल आमच्यासारख्यांना आपुलकी वाटल्याशिवाय राहत नाही.

काम सुरू करण्याआधी पडदा अर्धा तास चालू ठेवावा. गार पडदा आणि तापलेला पडदा एकच रंग दाखवीत नाहीत. मोबाइलप्रमाणे संगणकातही रात्री पडदा पिवळसर करण्याची सोय असते, ती बंद करावी. खोलीतील उजेड पाहून तेज आपोआप कमीजास्त करण्याची सोयही बंद करावी. पडद्यावर खिडकीचे ऊन येऊ देऊ नये, आणि समोरची भिंत भडक रंगाची नसावी. हिरव्यागार भिंतीच्या खोलीत बसून चेहऱ्यांचे रंग ठरवणारे स्टुडिओ मी पाहिले आहेत. ती हिरवाई कुठेतरी निघाल्याशिवाय राहत नाही. भिंत करडी असेल तर उत्तम, पांढरी असली तरी चालते.

मग तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, तेज. ते कँडेला या एककात मोजतात, आणि एक कँडेला म्हणजे ढोबळपणे एका मेणबत्तीएवढा उजेड समजावा. मंद उजेडाच्या खोलीत छायाचित्रांच्या कामाला चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला पुरतात. पुष्कळ पडदे कारखान्यातून याच्या दुप्पट-तिप्पट तेजाने येतात. दुसरी गोष्ट पांढऱ्याची जात. लोहार लोखंड तापवतो तेव्हा ते आधी तांबडे, मग पिवळे, मग पांढरे होते. आणखी तापवता आले असते तर निळसर झाले असते. म्हणून पांढऱ्याची जात तपमानाने सांगतात. घरातला पिवळा बल्ब सुमारे २७०० केल्विन, आणि पडद्यांचे प्रमाण पांढरे सुमारे ६५०० केल्विन, जे दिवसाच्या सरासरी उजेडाशी जुळते. निळसर पडदा ९००० च्याही पुढे गेलेला असू शकतो. छपाईच्या धंद्यात मात्र कागद ५००० केल्विनच्या उजेडात पाहण्याचा प्रघात आहे, आणि कागदाशी रोज तुलना करणारे काही जण पडदाही त्याच्या जवळ आणतात. सामान्य कामास ६५०० ठेवावे.

तिसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. तिला गॅमा म्हणतात. फाइलने १२८ हा आकडा दिला, म्हणजे २५५ च्या निम्मा, तर पडदा निम्मा उजेड देतो असे कोणालाही वाटेल. तसे नाही. गॅमा २.२ असलेला पडदा १२८ ला पूर्ण तेजाच्या सुमारे २२ टक्केच उजेड देतो. यात लबाडी नाही, डोळ्याचा स्वभाव ध्यानी घेतलेला आहे. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली तर केवढा फरक पडतो, आणि तीच पणती दुपारच्या अंगणात लावली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. डोळा अंधारातले बारकावे अधिक टिपतो, म्हणून आकड्यांच्या जास्त पायऱ्या अंधाराच्या बाजूला दिलेल्या असतात. हा चढ मध्येच वाकडा झाला, की काळ्याभोर केसांतले बारकावे बुजतात किंवा पांढऱ्या सदऱ्यावरच्या चुण्या नाहीशा होतात.

हे ठरले, की यंत्र पडद्यावर मधोमध, काचेला टेकेल असे लोंबत सोडायचे. आज्ञावली आधी तेज कमीजास्त करावयास सांगते, ते पडद्याच्या बटणांनी करावे. मग ती एकामागून एक रंगीत चौकोन दाखवते: काळा, करडा, तांबडा, हिरवा, निळा आणि त्यांच्या मिसळणी. प्रत्येक चौकोनाचा हुकूम तिला ठाऊक असतो, आणि पडद्याने प्रत्यक्षात काय दिले ते यंत्र मोजून सांगते. दोन्हींतील फरकावरून ती संगणकाच्या चित्रकार्डात एक सारणी बसवते, जेणेकरून करडे रंग खरोखरच करडे दिसावेत. हे झाले कॅलिब्रेशन. त्यानंतर आणखी चौकोन मोजून ती प्रोफाइलची फाइल लिहिते. चौकोन थोडे असतील तर दहा मिनिटे, पुष्कळ असतील तर तास. मधल्या वेळात चहा घ्यावा, पण पडद्यासमोरचा दिवा चालू-बंद करू नये.

त्यापुढचे काम दुभाष्याचे आहे. छायाचित्राची फाइल सांगते, माझे आकडे एसआरजीबीचे आहेत. पडद्याची प्रोफाइल सांगते, या पडद्याचा तांबडा जरा केशरी आहे आणि निळा जरा उणा. संगणकातील दुभाष्या दोन्ही ऐकतो आणि आकडे तेवढे बदलून पडद्याला देतो. फाइल बदलत नाही. ज्या आज्ञावल्या या दुभाष्याला विचारीतच नाहीत त्यांच्यात मात्र चित्र पूर्वीसारखेच चुकीचे दिसते. म्हणूनच एकाच संगणकावर तेच छायाचित्र दोन खिडक्यांत दोन तऱ्हेचे दिसले, तर पडदा बिघडला असे समजून घाबरू नये.

आता यात कामगाराचा संबंध कसा येतो ते सांगतो. पुठ्ठ्याचे डबे छापणाऱ्या एका कारखान्यात आमची युनियन होती. मसाल्याच्या डब्याचा एक मोठा माल गिऱ्हाइकाने परत पाठवला. तांबडा रंग मंजूर केला तसा नाही, असे कारण दिले. व्यवस्थापनाने दोन मशीनमनचा उत्पादनभत्ता कापण्याची नोटीस काढली. आमचे लोक म्हणत, आम्ही मंजूर नमुन्याप्रमाणेच छापले. वाद तेथेच अडला, कारण दोन्ही बाजूंकडे बोलायला डोळेच होते. आम्ही मागणी केली, की आधी मोजा, मग कापा. कागद मोजला, तो ठरलेल्या रंगाच्या अगदी जवळ निघाला. मग प्रश्न आला, मंजुरी दिली कशावर? तर कचेरीतल्या एका पडद्यावर. एका स्टुडिओवाल्या मित्राचे यंत्र मागून आणले आणि तो पडदा मोजला. पांढरा ९००० केल्विनच्या वर, तेज हवे त्याच्या तिप्पट. त्या पडद्यावर जो तांबडा मंजूर झाला तो कागदावर कोणत्याही मशीनमनला आणता आला नसता. नोटीस मागे घेतली गेली, आणि पुढे मंजुरी छापील नमुन्यावरच होऊ लागली.

पण माप दोन्ही बाजूंना कापते, हेही सांगितले पाहिजे. वर्षभराने दुसरा एक माल परत आला. त्या वेळी कागद मोजला तर शाई आणि पाण्याचा मेळ खरोखरच बिघडलेला होता. आम्ही ते मान्य केले. रंगातला फरक सांगण्यासाठी जो आकडा वापरतात त्यास डेल्टा-ई म्हणतात. एकाच्या आसपास असला तर तरबेज डोळ्यालाही जेमतेम कळतो, आणि पाचावर गेला की दोन नमुने शेजारी ठेवल्यावर कोणालाही दिसतो. किती फरक चालेल हा आकडा करारात आधीच लिहिलेला असावा, असा आमचा तेव्हापासून आग्रह आहे.

पळसाकडे अजून एकदा पाहावे लागेल, कारण सर्व मापे लावूनही तो पूर्णपणे हाती येत नाही. तीन प्रकाशांच्या मिसळणीने भासवता येणारे रंग म्हणजे एका कुंपणातले रंग. एसआरजीबीचे कुंपण बरेच लहान आहे. उन्हात चमकणाऱ्या पाकळीचा भरदार केशरी-तांबडा त्याच्या काठावर किंवा काठाबाहेर पडतो. तांबड्याचा आकडा २५५ ला जाऊन टेकतो आणि मग पाकळीवरच्या शिरा, मखमल, सावल्या सगळे एकाच सपाट ठिगळात जाते. छायाचित्र घेतानाच उजेड थोडा कमी धरला तर शिरा वाचतात. १९९८ साली अडोबी कंपनीने काढलेले कुंपण अधिक मोठे आहे, पण ते मुख्यतः हिरव्या आणि मोरपंखी बाजूला रुंद आहे, आणि ते दाखवू शकणारा पडदाही महाग पडतो. चार शाईंच्या छपाईचे कुंपण तर आणखी वेगळे. पडद्यावरचा झगझगीत निळा तिला येत नाही, उलट तिचा काही मोरपंखी साध्या पडद्याला येत नाही. म्हणून लॅबकडून किंवा छापखान्याकडून त्यांच्या कागदाची प्रोफाइल मागून घ्यावी आणि चित्र कागदावर कसे उतरेल ते पडद्यावरच आधी पाहावे. त्या वेळी पडद्यावरचे चित्र एकदम फिके पडलेले दिसते आणि मन हिरमुसते; पण ते फिकेपण खरे असते.

आणि छापून आलेला कागद पाहायचा कोणत्या उजेडात? याबाबत आपल्या बायकांना शास्त्र शिकवण्याची गरज नाही. शालू घेताना त्या दुकानदाराच्या दिव्यावर विश्वास ठेवीत नाहीत, पदर धरून दारापर्यंत येतात आणि उजेडात पाहतात. दोन कापडे दिव्याखाली सारखी दिसतात आणि उन्हात वेगळी, हा अनुभव सर्वांचा आहे. दोन्हींतील रंगद्रव्ये वेगळी असली की असे होते. अल्बमही एलईडी दिव्याखाली पाहून लॅबशी भांडू नये. सकाळी खिडकीशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात पाहावा.

राहिला खर्चाचा प्रश्न. चांगले कलरीमीटर काही हजार रुपयांना पडते, आणि कर्जत-खालापूरकडचा लग्नाची कामे करणारा छायाचित्रकार हंगामावर जगतो. पण हे यंत्र रोज लागत नाही, महिन्यातून एकदा तासभर लागते. पाच-सहा स्टुडिओवाल्यांनी मिळून एक घ्यावे, महिन्याच्या ठरलेल्या आठवड्यात ते आळीपाळीने फिरवावे, आणि त्याबरोबर एक वही ठेवावी. वहीत तारीख, पडद्याचे तेज, पांढऱ्याचे केल्विन आणि तपासणीत निघालेला डेल्टा-ई लिहावा. पडदा जसा जुना होतो तसे त्याचे तेज उतरते आणि पांढराही सरकतो, ते वर्षभराच्या नोंदींवरून दिसते. शिवाय लॅबकडे तक्रार न्यायची वेळ आली, तर ती वही बरोबर न्यावी. यंत्र घेताना मात्र आपल्या पडद्याचा प्रकार विचारून घ्यावा, कारण साध्या एलईडी पडद्यासाठी आणि ओलेड पडद्यासाठी त्यात वेगवेगळी नोंद निवडावी लागते. आणि ते वापरून झाले की डबीत घालून कोरड्या जागी ठेवावे, कारण जुन्या यंत्रांच्या गाळण्या दमट हवेने खराब होतात आणि आपल्याकडचा पाऊस चार महिने मुक्कामाला असतो.